एका नातेवाईकाला मुभा

माझ्या सख्ख्या भावानं माझ्यासमोर उभं राहून, माझ्याच हातचा चहा पीत, एका परक्या बाईंना सांगितलं की ही आमची कोणी लागत नाही. मी हसले. तेव्हा ते नाटक वाटलं होतं, आणि नाटकातलं माझं काम मला आवडलंही होतं.

कसं झालं ते सरळ सांगते. आडपडदा ठेवावा असं आता माझ्याकडे काही उरलेलं नाही.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून उभं आयुष्य काढलं आणि शेवटी डोळ्यांनीच दगा दिला. दुकान बंद झालं, दुकानामागची खोली तेवढी राहिली. त्याच सुमारास मी नवऱ्याला सोडून माहेरी आले होते. माहेरी परत आलेल्या बाईनं रिकामं बसू नये, भिंतीसुद्धा बोलायला लागतात. म्हणून मी दुपारी बाबांना पुस्तकं वाचून दाखवायला लागले. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते या मोठ्यानं वाचण्यातून झालं. बाबा मला 'रेडिओ' म्हणायचे. "ए रेडिओ, लाव," असं म्हणाले की मी खाकरून सुरू व्हायची.

दादा खरोखरचे रेडिओ दुरुस्त करायचा. एकदा वैतागून म्हणाला, "तेच पुस्तक बाबा तुला किती वेळा वाचायला लावणार? रेकॉर्ड करून ठेवू." त्यानं मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, त्यावर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले, मध्ये एक काच बसवली. काचेच्या आत मी, बाहेर तो. चूक झाली की मी टाळी वाजवायची. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाळीचा उंच काटा उठायचा, त्यावरून त्याला चुकीची जागा सापडायची, मग तो ती कापून टाकायचा. पोट गुरगुरलं तरी टाळी. बाहेरून ट्रक गेला तरी टाळी. एखाद्या दिवशी इतक्या टाळ्या व्हायच्या की वहिनी स्वयंपाकघरातून विचारायची, "सत्कार कोणाचा चाललाय आत?"

बाबांच्या ओळखीतले आंधळे, मग त्यांच्या ओळखीतले, असे लोक पुस्तकं न्यायला येऊ लागले. त्यात टेलिफोनवाले काका सगळ्यात पहिले. जन्मापासून अंध, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. म्हणायचे, "अख्ख्या गावाची भांडणं मी जोडून दिली आहेत." त्यांना रहस्यकथा लागायच्या. खून पहिल्या प्रकरणात झाला नाही तर पुस्तक परत करायचे.

मला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. काचेआडची ती खुर्ची, आणि दादाची बहीण असणं. दोन्ही एका वेळी मिळायला काही अडचण असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग दादानं या कामाची संस्था नोंदवली आणि तिला फाउंडेशनचं अनुदान मिळालं. मोठी दानशूर संस्था, अशा छोट्या कामांना काही वर्षं हात देणारी. चांगला मायक्रोफोन येणार होता, खोलीला नीट अस्तर लागणार होतं, वाचणाऱ्याला पगार मिळणार होता. सोबत नियमांची एक पुस्तिका आली. पैशांचं खातं वेगळं ठेवा. प्रत्येक खर्चाची पावती जपा. ज्या कामासाठी पैसे घेतले त्याच कामावर खर्च करा, उरले तर परत करा. काही बदललं तर आधी कळवा. आमचा माणूस न सांगता कधीही येईल, त्याला दार उघडा.

हे मला दादानं तोंडी सांगितलं. पुस्तिका त्यानं माझ्या हाती दिली नाही. गठ्ठ्यांनी पुस्तकं वाचणारी बाई मी, आणि ती एवढीशी पुस्तिका तेवढी मी वाचायची नव्हती. "त्यात काय वाचायचंय? नुसते नियम आहेत," म्हणाला. आणि मला ते पटलं. भावाचं पटायचंच, त्यासाठीच तर तो भाऊ असतो.

"एकच घोळ आहे," जेवताना दादा म्हणाला. "नातेवाईकाला पगार देता येत नाही. साफ म्हटलंय."

"मग माझं काय?"

"तू कुठं नातेवाईक आहेस? आडनाव वेगळं आहे तुझं."

वहिनी हसली, बाबाही हसले. ज्या माणसाला मी सोडून आले होते, त्याचं आडनाव माझ्या नावामागं तसंच लोंबत राहिलं होतं. बदलायला कचेरीत खेटे कोण घालणार, म्हणून. ते दादाच्या असं कामी आलं.

"आणि वहिनी हिशेब बघणार, तिचं?"

"ती फुकट. घरचीच आहे ती."

मला बरं वाटलं. वाटलं, वहिनी फुकट राबणार आहे आणि मला पगार मिळणार आहे. दादानं बायकोला बाजूला ठेवून बहिणीचं पोट पाहिलं. कित्येक दिवस मी वहिनीच्या वाटची भांडीही घासली, उपकार फेडायला. मूर्खपणाला हिशेब नसतो.

फाउंडेशनच्या बाई पहिल्यांदा पाहणीला आल्या तेव्हा बाबांना टेलिफोनवाल्या काकांकडे बसवलं होतं. बाई उंच, आवाज हळू, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणाऱ्या. मला त्या तेव्हाही आवडल्या होत्या आणि आजही मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. त्यांनी गाद्या दाबून पाहिल्या, काचेवर टकटक केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि या?"

"या आमच्या वाचक," दादा म्हणाला.

"घरातल्या?"

"छे, छे. आमच्या कोणी लागत नाहीत. पुष्कळांचे आवाज ऐकले, त्यातून यांना घेतलं."

मी म्हणाले, "सर, साखर किती घालू?"

बाई गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. "सर म्हणे, सर," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "अशीच बोलत जा गं. यांना जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं."

रात्री बाबांनी विचारलं, "मी काय सांगायचं? भाडेकरू आहे म्हणू का?"

"तुम्ही काहीच सांगू नका," दादा म्हणाला.

"ते सोपं आहे," बाबा म्हणाले. "मला कोण विचारतंय?"

दादा बाकी सगळे नियम पाळायचा, ते पाहायला हवं होतं. प्रत्येक वस्तूवर फाउंडेशनची पट्टी चिकटवली. मायक्रोफोनवर, टेबलावर, पंख्यावर, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा. पट्टी लागलेली खुर्ची वहिनीनं एकदा स्वयंपाकघरात नेली, वरच्या फळीवरचा डबा काढायला, तर तो धावत गेला. "त्या कामासाठी दिलेली नाही ती. उतर आधी." पेनाची पावती नाही म्हणून पेन दुकानात परत देऊन आला. मी चेष्टा करायची, "मलाही एक पट्टी लाव की रे दादा." तो हसायचा नाही. त्या घरातल्या कचऱ्याच्या डब्याचं खरं खरं कळवलेलं होतं. खोटं फक्त माझं होतं.

हळूहळू नाटक मुरत गेलं. बाई कधी येतील सांगता येत नसे, म्हणून दिवसभर 'सर' म्हणायची सवय ठेव, असं दादा म्हणाला. मग खालच्या मजल्यावर जेवायला बसायचं मी बंद केलं, कारण जेवताना कोणी आलं तर काय सांगणार? वहिनी ताट वर, माझ्या खोलीत पाठवायची. नाटकाला वेळ असते, पडदा असतो. आमचा पडदा पडेचना.

एकदा बाई खरंच न सांगता आल्या. बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. मी आतून बाहेर आले, तशी माझ्या पावलांच्या आवाजावरून त्यांनी हाक मारली, "ए रेडिओ." मी जागच्या जागी थिजले. दादानं मान वळवून बाईंना सांगितलं, "त्यांना गाणी लागतात." वहिनी लगबगीनं गेली आणि तिनं रेडिओ लावला. मोठ्यानं. बाबा हात मांडीवर ठेवून, ज्यात काही रस नाही ते गाणं ऐकत बसले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यानंतर त्यांनी मला त्या नावानं कधी हाक मारली नाही. नुसतं "अगं" म्हणायचे, तेही घरात दुसरं कोणी नाही ना याचा कानोसा घेऊन.

पुढच्या वर्षी बाबा गेले.

बातमी कळून बाई भेटायला आल्या. माणुसकीनं आल्या, त्यात खोट नव्हती. बाहेरच्या खोलीत दादा आणि वहिनी बसले होते, शेजारपाजारचे नुकतेच उठून गेले होते. मी बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले होते. बाईंना दारात पाहिलं आणि दादानं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी उठले आणि दारापाशी, चपला काढतात तिथं जाऊन उभी राहिले. पगारी माणसं उभी राहतात तशी.

बाईंनी दादाचे हात हातात घेतले. वहिनीला जवळ घेतलं. जाताना माझ्यापाशी थांबल्या. माझे डोळे सुजलेले पाहून त्यांना बरं वाटलं असावं, की चला, नोकरही जिव्हाळ्याचे आहेत. म्हणाल्या, "सरांना सांभाळा. वडील गेलेत त्यांचे."

"हो," मी म्हणाले.

त्या एका 'हो'वर मी पुष्कळ दिवस जगले. म्हणजे मेले, पण बोलायची पद्धत अशी आहे. दादा नंतर वर आला नाही. सांत्वनाला आलेल्या लोकांनी त्याला आणि वहिनीला मिठ्या मारल्या. मी चहाचे कप गोळा केले.

तरी मी गप्प राहिले. विचार एवढाच की पगार थांबला तर माझं थांबेल, पण अनुदान थांबलं तर बाबांची ती खोली थांबेल. पुस्तकं न्यायला येणारे लोक दारातून परत जातील. एका माणसाचं नातं आणि इतक्या माणसांचं वाचन, तराजूत घालून बघ, असं मीच मला सांगायची. दादानं हे मला कधी सांगितलंही नाही. त्याला सांगावं लागलंच नाही.

शेवटच्या वर्षाचा हप्ता देण्याआधी बाई आल्या. दुपार होती. टेलिफोनवाले काका पुस्तक बदलायला आलेले, कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्यासाठी एक रहस्यकथा वाचत होते, अर्ध्यावर आली होती.

बाईंनी पिशवीतून कागद काढले. "या वर्षीपासून नवीन आहे," म्हणाल्या. "पगार घेणाऱ्या प्रत्येकानं स्वतः लिहून द्यायचंय. एवढे दिवस संस्थाचालकांचा शब्द पुरायचा." एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "तुमचा सोपा आहे. संस्थाचालकांशी माझं रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही, खाली सही." दुसरा कागद त्यांनी वहिनीपुढे सरकवला. "तुमचाही जुनाच. पत्नी म्हणून मंजूर आहे."

मी म्हणाले, "कशाला मंजूर?"

"पगाराला."

"नातेवाईकाला पगार चालत नाही ना?"

बाई माझ्याकडे वळून नीट सांगायला लागल्या. त्यांना वाटलं, बिचारीला नियम समजून घ्यायचाय. "असं नाही. छोट्या संस्था घरातूनच चालतात, आम्हाला माहीत आहे ते. म्हणून एका नातेवाईकाला मुभा असते. आधी कळवायचं, बाकीच्या विश्वस्तांनी मान्यता द्यायची, आणि त्यांचा पगार ठरताना संस्थाचालकांनी उठून बाहेर जायचं. लपवलं नाही की झालं. सरांनी पहिल्याच अर्जात यांचं कळवलं होतं."

मी वहिनीकडे पाहिलं. ती दादाकडे पाहत होती. दादा पंख्यावरच्या पट्टीकडे पाहत होता.

"सर," मी म्हणाले, "जरा आत येता? एका वाक्याची अडचण आहे."

आम्ही काचेच्या आत गेलो. मी दार ओढून घेतलं. त्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, त्यासाठीच ती बांधलेली होती. आमच्या घरात खरं बोलायला तेवढी एकच जागा उरली होती.

"सही कर," दादा म्हणाला. "एक ओळ आहे."

"एक जागा होती, दादा."

"हळू बोल."

"इथं ओरडलं तरी चालतं. एक जागा होती आणि ती तू वहिनीला दिलीस. मला सांगितलंस ती फुकट करते."

"मग काय करू? तिला स्वतःच्या हातात चार पैसे हवे होते. रोज डोकं खायची. तुलाही द्यायचे होते. दोघींचं भागवलं मी. कोणाच्या पोटावर पाय दिला?"

"तिला बायको म्हणून सांगितलंस. मला बहीण म्हणून का नाही?"

तो खरंच गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही. "अगं, बायको लपवणार कशी?" म्हणाला. "एका घरात राहतो, एक आडनाव. लगेच कळलं असतं. तुझं तसं नाही. तुझं लपतं."

हे तो चिडून बोलला असता तर मी सोसलं असतं. तो समजावून सांगत होता. लहानपणी मला गणित समजवायचा, त्याच आवाजात.

"बाबा गेले तेव्हाही लपवलंस," मी म्हणाले.

"तेव्हा दुसरा हप्ता अडकला होता."

मग मी दार उघडलं.

बाहेर येऊन कागद उचलला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. "मी यांची सख्खी बहीण आहे. धाकटी. ज्यांच्यासाठी तुम्ही भेटायला आला होतात, ते माझे वडील होते."

कोणी ओरडलं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. बराच वेळ त्या दारापाशी चपला ठेवलेल्या जागेकडे पाहत राहिल्या. मग दादाला म्हणाल्या, "यांचंही आधी कळवलं असतं तर काही मार्ग निघाला असता. दोघींपैकी एकीच्या जागी बाहेरच्या कोणाला तरी पगार लावता आला असता. आम्ही विचारायलाच तर येत होतो." कागद पिशवीत ठेवले. "हे मला समितीपुढे ठेवावं लागेल. तोवर हप्ता थांबेल. मला वाईट वाटतं, पण मला दुसरं काही करता येणार नाही."

मला म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कळू नये म्हणूनच सगळं चाललं होतं," मी म्हणाले.

त्यानंतर खोलीला कुलूप लागलं. वहिनीनं एकदा जिन्यात गाठलं. "मला यांनी सांगितलं होतं की तुला सगळं ठाऊक आहे," म्हणाली. खरं असेल. थांबून पुढं म्हणाली, "पण तुला गप्प बसता आलं असतं. एवढी वर्षं बसलीस." हेही खरंच होतं.

टेलिफोनवाले काका काठी टेकत माझ्या खोलीपर्यंत चढून आले. दम लागला होता. मी पाणी दिलं. म्हणाले, "पुस्तकं बंद आहेत म्हणे."

"काका, तुम्ही ऐकलंत ना तिथं बसून. माझा भाऊ आहे तो."

"ते होय," काका म्हणाले. "ते मला पहिल्या पुस्तकापासून माहीत होतं. तुम्हा दोघांचा खोकला एकाच कारखान्यातला आहे. आम्ही सगळेच ओळखून होतो."

"सगळे?"

"आंधळे आहोत, बहिरे नाही."

"आणि बाबा तुमच्याकडे येऊन बसायचे, तेव्हा काही बोलले नाहीत?"

"बोलायचे की. म्हणायचे, माझ्या घरी पाहुणे आले की मुलीची मोलकरीण होते." काकांनी ग्लास चाचपडत खाली ठेवला.

"मग तुम्ही त्या बाईंना एकदा तरी का सांगितलं नाहीत?"

त्यांनी काठीची मूठ चोळली. माणूस प्रामाणिक होता, म्हणून खोटं काही सुचलं नाही त्यांना. "पुस्तकं बंद पडली असती, पोरी."

म्हणजे तराजू सगळ्यांकडे होता. आणि सगळ्यांच्या तराजूत मी एकाच पारड्यात होते.

उठताना काका दारात थांबले. संकोचले. "त्या वकिलाला कोणी मारलं तेवढं तरी सांगशील? अर्ध्यावर राहिलंय. झोप लागत नाही."

"त्याच्या भागीदारानं," मी म्हणाले.

"वाटलंच होतं मला," म्हणाले, आणि समाधानानं एक एक पायरी उतरून गेले.

पुढं समितीचा निकाल आला. दादा तो सांगायला वर आला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या खोलीत आला. बसायला खुर्ची नव्हती, पलंगाच्या कडेवर बसला. चेहरा उजळलेला होता.

"वाचलो," म्हणाला. "ऐकणाऱ्यांचं नुकसान नको म्हणून शेवटचं वर्ष चालू ठेवताहेत. मला कडक पत्र दिलंय, ते असू दे. पगार एकाच नातेवाईकाला. दुसऱ्यानं बिनपगारी काम करायला हरकत नाही, फक्त नातं उघड लिहून द्यायचं. म्हणजे झालंच की."

"काय झालं?"

"तू वाचायचंस. बंदी नाहीये वाचायला."

"पगार वहिनीला."

"हिशेब कोण बघणार मग? आणि तिला काढलं तर घरात काय होईल, तुला माहीत आहे. तुला काय लागतं? वर ताट येतंच आहे." मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "बाबांची खोली आहे ती. आता तर उघड बहीण म्हणूनच बसायचंस. तुला हेच हवं होतं ना?"

हेच हवं होतं. मी शब्दन् शब्द हेच मागितलं होतं, आणि ते असं फुकटात काढून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. बहीण असण्याची किंमत पगार. पगार घ्यायचा तर बहीण नाही.

मी म्हणाले, "फुकट वाचते. एक अट आहे."

"बोल की."

"प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला तू बोलतोस ना, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, वाचणाऱ्याचं नाव. त्यात माझ्या नावानंतर म्हणायचं, ही माझी सख्खी बहीण आहे. तुझ्या आवाजात. जुन्या सगळ्या पुस्तकांवरही नव्यानं रेकॉर्ड करायचं."

तो हसला. मी हसत नाही हे कळल्यावर थांबला. "असं कुठं असतं का? पुस्तकाच्या आधी घरची वंशावळ? लोक हसतील."

"हसू दे."

"लिहून देतो ना मी फाउंडेशनला. हवं तर दोनदा लिहून देतो."

"कागदावर नको. तोंडानं म्हण. इथंच म्हणून बघ एकदा, सवय होईल."

दादा पलंगाच्या कडेवर बसून राहिला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणणार. खरंच वाटलं. एवढं सगळं होऊनही मी श्वास धरून बसले होते, हे लिहिताना माझा मलाच राग येतो. त्यानं गुडघ्यावर हात ठेवले, उठला. "विचार करतो," म्हणाला. "तू उगाच प्रत्येक गोष्टीचं मोठं करतेस."

तो जिना उतरला. मी दार लावायला गेले आणि खालचं बोलणं ऐकू आलं. या घराला गाद्या फक्त एकाच खोलीत आहेत.

वहिनीनं विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही," दादा म्हणाला. "पैसे मागतेय."

वहिनीनं जिभेनं चक् असा आवाज केला. ताटावर ताट ठेवलं गेलं, जेवायला बसल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं जिन्याखालून तिची हाक आली, ताट पाठवू का.

मी म्हणाले, नको.